प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज: पूलच्या ३-८ लेव्हलला शेवटची लाट थोपत नाही, रचना कुठे चुकते?

हिरवाकंच

प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीजचा पहिला भाग (२००९ चा, पॉपकॅपचा) खेळतोय, म्हणजे अंगणात झाडं लावून उजवीकडून येणारे झॉम्बी अडवायचा तो खेळ. दिवस आणि रात्रीच्या वीस लेव्हल झाल्या, पूलच्या (पोहायच्या तलावाच्या) ३-७ पर्यंत आलो. ३-८ काही केल्या सुटत नाही. माझी सात झाडं: सनफ्लॉवर, पीशूटर, स्नो पी, लिली पॅड, वॉलनट, टॉर्चवुड, चेरी बॉम्ब.

तीन सनफ्लॉवर लावतो, मग प्रत्येक रांगेत एक पीशूटर, जमेल तिथे स्नो पी आणि त्याच्यापुढे टॉर्चवुड. वॉलनट अगदी उजव्या टोकाला. पहिल्या झेंड्यापर्यंत, म्हणजे पहिल्या मोठ्या लाटेपर्यंत, सगळं शांत असतं. शेवटच्या झेंड्याला डोक्यावर शंकू घातलेले जमिनीवरून आत येतात आणि पाण्यातून डॉल्फिनवाले उडी मारून थेट मागच्या झाडांवर पडतात. तेव्हा हातात ५०-७५ सन (झाडं लावायला लागणारं खेळातलं चलन) असतात, त्यात काहीच होत नाही.

प्रश्न तीन. सनफ्लॉवर किती आणि कधी लावायचे? डॉल्फिनवाल्याला कशाने अडवायचं? आणि टॉर्चवुड लावूनही मारा वाढल्यासारखा का वाटत नाही?

पाच बाय नऊ

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ३-८ तिथेच हातातून जाते आहे. स्नो पी आणि टॉर्चवुड एका रांगेत लावायचे नाहीत.

टॉर्चवुडमधून साधा वाटाणा गेला की तो पेटतो आणि त्याचा मार २० चा ४० होतो. स्नो पीचा गार वाटाणा त्यातून गेला की फक्त वितळतो आणि २० चा साधा वाटाणा बनून बाहेर पडतो. म्हणजे १७५ सनच्या स्नो पीपुढे १७५ चं टॉर्चवुड लावून ३५० सनमध्ये तुम्हाला १०० सनच्या पीशूटरचं काम मिळतंय. शिवाय पेटलेला वाटाणा गारठलेल्या झॉम्बीला लागला की त्याचा गारठा जातो आणि तो पुन्हा पूर्ण वेगाने चालायला लागतो. एकाच रांगेत एक झाड गारवा देतं आणि दुसरं तो काढून घेतं. गारवा हवा असेल तर त्या रांगेत टॉर्चवुड नको. आग हवी असेल तर त्या रांगेत पीशूटर, रिपीटर किंवा थ्रीपीटरच.

आता आकडे बघा, म्हणजे "रांगेत एक पीशूटर" का पुरत नाही ते कळेल. साध्या झॉम्बीला १० वाटाणे लागतात, शंकूवाल्याला २८, बादलीवाल्याला ६५. पीशूटर साधारण दीड सेकंदाला एक वाटाणा सोडतो. झॉम्बी एक घर साधारण पावणेपाच सेकंदांत ओलांडतो, म्हणजे नऊ घरांना त्याला ४२ सेकंदांच्या आसपास लागतात. आता गुणाकार करा:

साधा: १० × १.५ = १५ सेकंद. तीन घरं चालून पडतो.
शंकूवाला: २८ × १.५ = ४२ सेकंद. पीशूटरजवळ पोचतो आणि त्याला खाऊन पुढे जातो.
बादलीवाला: ६५ × १.५ = जवळपास १०० सेकंद. एकट्या पीशूटरच्या आवाक्यातला नाही.

हे एका रांगेत एकच झॉम्बी आला तर. झेंड्याच्या लाटेत एका रांगेत तीन-चार येतात. पहिल्या झेंड्यापर्यंत शांत वाटतं ते साधे झॉम्बी जास्त असतात म्हणून.

सकाळचं ऊन

सनचा हिशोब मी सांगतो. ३-८ चा निकाल पहिल्या दोन मिनिटांतच लागतो, शेवटची लाट तो फक्त दाखवते.

सनफ्लॉवर ५० चा आहे आणि साधारण २४ सेकंदांनी २५ देतो. म्हणजे पाऊण-एक मिनिटात स्वतःची किंमत परत करतो आणि पुढे लेव्हल संपेपर्यंत सगळी कमाई वरची. तीन सनफ्लॉवर म्हणजे २४ सेकंदांना ७५ सन. आठ सनफ्लॉवर म्हणजे तेवढ्याच वेळात २००. चार मिनिटांत हाच फरक साधारण १२५० सनचा होतो. शेवटी हातात ५०-७५ उरतात त्याचं कारण हे. तुम्ही उधळत नाही आहात, तुमची आवकच बारीक आहे.

या खेळाचा रचनाकार जॉर्ज फॅन याने २०१२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं की सनफ्लॉवरची किंमत आधी १०० होती. लोक तो पुरेसे लावत नव्हते म्हणून ती ५० केली. सुरुवातीला हातात ५० सन देऊन खेळ तुम्हाला सांगतोय की पहिलं काम हेच.

पूलमध्ये सहा रांगा असतात: वर दोन जमिनीच्या, मध्ये दोन पाण्याच्या, खाली दोन जमिनीच्या. जमिनीच्या चार रांगांत डावीकडून पहिले दोन कॉलम सनफ्लॉवरचे, एकूण आठ. क्रम असा ठेवा.

सुरुवातीच्या ५० मध्ये पहिला सनफ्लॉवर. रोपाचं पाकीट साडेसात सेकंदांत परत भरतं, पण तेवढ्यात ५० सन जमतीलच असं नाही, म्हणून आकाशातून पडणारा प्रत्येक सन उचला. थोडा वेळ पडून राहिला की तो नाहीसा होतो. पहिला झॉम्बी दिसला म्हणून पीशूटर लावायची घाई करू नका. तो ज्या रांगेत आहे तिथे चौथ्या घरात २५ सनचा पोटॅटो माइन ठेवा. तो जमिनीतून वर यायला साधारण १५ सेकंद घेतो. झॉम्बीला उजव्या कडेपासून चौथ्या घरापर्यंत यायला २० पेक्षा जास्त सेकंद लागतात, म्हणजे वेळ पुरतो. मात्र झॉम्बी दोन घरांवर आल्यावर माइन ठेवला तर तो जागा व्हायच्या आत खाल्ला जाईल. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

पोटॅटो माइनचं पाकीट भरायला ३० सेकंद लागतात, म्हणून दुसऱ्या झॉम्बीला ५० सनचा स्क्वॉश, जो जवळ आलेल्या झॉम्बीवर उडी मारून त्याला चिरडतो. त्यालाही ३० सेकंद. दोन्ही आलटून पालटून वापरले की चार झॉम्बी १५० सनमध्ये जातात आणि बाकीचे सगळे सन सनफ्लॉवरमध्ये जातात. पाण्यातून अगदी सुरुवातीच्या लाटांत कोणी येत नाही, त्यामुळे लिली पॅडचा खर्चही तेव्हा करू नका.

एक बारीक गोष्ट: चालू लाटेतले झॉम्बी तुम्ही फार पटकन संपवले तर खेळ पुढची लाट वेळेआधी सोडतो. सुरुवातीला एखादा एकटा झॉम्बी अंगणात रेंगाळत असेल आणि त्याच्या रांगेत माइन तयार असेल तर त्याला येऊ द्या. तेवढे सेकंद तुमच्या सनफ्लॉवरला मिळतात.

तळ्याकाठी

डॉल्फिनवाल्याबद्दल. तो वेगाने येतो, समोर जे पहिलं झाड येईल त्यावरून एकदाच उडी मारतो, आणि उडी झाली की डॉल्फिन गेला. त्यानंतर तो संथपणे पोहणारा साधा झॉम्बी असतो. तुम्ही पाण्यात सगळ्यात पुढे पीशूटर ठेवला असणार, म्हणून तो त्यावरून उडून मागच्या घरात पडतो आणि मागून खायला लागतो.

उपाय २५ सनचा आहे. सातव्या-आठव्या घरात रिकामं लिली पॅड टाका. तो त्यावरून उडी मारतो आणि सहाव्या-सातव्या घरात पडतो, तुमच्या माऱ्यासमोर, तेही डॉल्फिनशिवाय. ते लिली पॅड खाल्लं गेलं की नवीन टाका. दिवसाच्या लेव्हलमधल्या, काठी टेकून उडी मारणाऱ्या काठीवाल्यालाही हाच नियम लागू होतो. ३-८ जिंकल्यावर टॉल-नट मिळतो, त्यावरून दोघांनाही उडी मारता येत नाही. पण तो ३-८ साठी हातात नसतो, म्हणून आत्ता रिकामी पानंच.

टँगल केल्प हेही २५ चंच आणि त्याला लिली पॅड लागत नाही, थेट पाण्यात लावायचं. एका झॉम्बीला धरून तळाला नेतं आणि स्वतःही जातं. पाकीट ३० सेकंदांचं. दोन्ही पाण्याच्या रांगांत पाचव्या घरात एकेक राखीव ठेवलं तर मधूनच घुसणाऱ्याची चिंता मिटते. स्नॉर्कलवाला आला तर केल्पचा उपयोग आणखी. तो पाण्याखालून येतो तेव्हा वाटाणे वरून निघून जातात, खायला डोकं वर काढतो तेव्हाच लागतात. म्हणून त्याच्यापुढे लिली पॅडवर वॉलनट ठेवला की तो वर येऊन तिथेच अडकतो.

आणखी एक, जे पूलमध्ये पहिल्यांदा सगळ्यांना चकवतं: शेवटच्या लाटेला काही झॉम्बी थेट पाण्यातून वर येतात, अंगावर शेवाळ घेऊन, पूलच्या उजव्या बाजूला. म्हणजे ते नऊ घरं चालत येत नाहीत. पाण्याच्या रांगांत पुढच्या तीन घरांत महागाचं झाड ठेवू नका, आणि "शेवटची लाट" ही लाल अक्षरं दिसायच्या आधी चेरी बॉम्ब व एक लिली पॅड दोन्ही तयार हवीत. चेरी बॉम्ब पाण्यावर टाकायला खाली पान लागतंच. ते आयत्या वेळी रिचार्ज होत असलं तर १५० सन असूनही बॉम्ब हातात राहतो.

पाच बाय नऊ

आता या सगळ्यांतून ३-८ साठी सात पाकिटं: सनफ्लॉवर, पोटॅटो माइन, स्क्वॉश, लिली पॅड, थ्रीपीटर, टॉर्चवुड, चेरी बॉम्ब. पीशूटर आणि स्नो पी दोन्ही बाहेर.

थ्रीपीटर ३२५ चा आहे म्हणून लोक घाबरतात. पण तो आपल्या, वरच्या आणि खालच्या अशा तीन रांगांत मारतो. सहा रांगांच्या पूलमध्ये तो वरून दुसऱ्या आणि पाचव्या रांगेत लावला की दोन झाडांत सहाही रांगा झाल्या. दोन्ही रांगा जमिनीच्या, म्हणजे लिली पॅडही नको. पहिल्या किंवा सहाव्या रांगेत लावलात तर त्याचा एक मारा वाया जातो.

जागा: पहिले दोन कॉलम सनफ्लॉवर, तिसऱ्यात थ्रीपीटर, पाचव्यात टॉर्चवुड. थ्रीपीटरला अगदी चिकटून टॉर्चवुड लावू नका. बाजूचे वाटाणे तिरके सरकून शेजारच्या रांगेत जातात, त्यांना रांगेत स्थिर व्हायला एक घर मोकळं सोडा. सहा रांगांत सहा टॉर्चवुड झाले की दोन थ्रीपीटरचे सहाही वाटाणे पेटून जातात. खर्च: २ × ३२५ = ६५०, ६ × १७५ = १०५०, पाण्यातल्या दोन टॉर्चवुडखाली पानांचे ५०. एकूण १७५०. आठ सनफ्लॉवरवर हे साडेतीन मिनिटांचं काम आहे, आणि आकाशातले सन वेगळे.

आता शंकूवाल्याला २८ ऐवजी १४ फटके, २१ सेकंद. चार घरं चालून टॉर्चवुडपर्यंत पोचतो, पण ते खाऊन व्हायच्या आत पडतो. सन उरले की तिसरा आणि चौथा थ्रीपीटर त्याच दोन रांगांत चौथ्या घरात. त्यांच्यापुढे टॉर्चवुड लगेच येतं, पण मागच्या दोघांचा मारा आधीच पेटलेला असल्याने थोडी कसर चालते.

सकाळचं ऊन

थ्रीपीटरशी सहमत, एका अटीवर. सहा सनफ्लॉवर व्हायच्या आत पहिला थ्रीपीटर लावू नका. सहा सनफ्लॉवर २४ सेकंदांना १५० देतात, मधला माइन-स्क्वॉशचा खर्च धरून ३२५ जमायला सव्वा-दीड मिनिट लागतं. त्या वेळात दोन वेगळ्या रांगांत एकदम झॉम्बी आले आणि माइन व स्क्वॉश दोन्ही रिचार्जवर असले, तर एक रांग तिच्या डाव्या टोकाच्या गवत कापायच्या यंत्रावर सोडा. ते त्यासाठीच आहे, एका लेव्हलमध्ये एकदा. पण पाण्याच्या रांगांना यंत्र नसतं, हे लक्षात ठेवा.

त्यासाठी खेळातल्या क्रेझी डेव्ह या शेजाऱ्याचं दुकान. ३-४ नंतर ते उघडतं. तिथे सन नव्हे, खेळातले पैसे लागतात. ७५० ला सातव्या पाकिटाची जागा तुम्ही घेतलेली दिसतेय, चांगलं केलंत. पुढची खरेदी १००० चे पूल क्लीनर, पाण्याच्या दोन्ही रांगांसाठी. आठव्या पाकिटाला ५००० लागतात, ते इतक्यात होणार नाही, त्यासाठी थांबू नका.

कागदी पेपर

रचना वर आली आहे, मी फक्त बघायचं कसं ते सांगतो. हा खेळ हसवतो म्हणून पुष्कळ जण झॉम्बींकडे नुसतं चित्र म्हणून बघतात. प्रत्यक्षात प्रत्येक गमतीत एक नियम ठेवलेला आहे, आणि तो नियम डोळ्यांना दिसेल असाच काढलेला आहे.

शंकू आणि बादली हे वेगळं आयुष्य आहे. नीट बघा: बादलीला आधी एक पोचा पडतो, मग ती फाटल्यासारखी होते, मग उडून जाते. बादली उडाली की खाली उरला तो साधा १० वाटाण्यांचा झॉम्बी. चेपलेल्या बादलीवाल्यावर चेरी बॉम्ब वाया घालवू नका, नव्याकोऱ्या बादलीवर टाका. साध्याचा हात गळला म्हणजे निम्मं काम झालं, पाच वाटाणे उरले.

पेपर वाचणारा आधी साध्या वेगाने चालतो. पेपर फाटला की त्याचं डोकं फिरतं आणि तो झपाट्याने येतो. म्हणून त्याला लांबून एकाच पीशूटरने डिवचू नका. रांगेत पुरेसा मारा असेल किंवा पुढे वॉलनट असेल तेव्हाच पेपर फाटू द्या. जाळीचं दार घेऊन येणाऱ्याला समोरून गारवा लागत नाही, कारण वाटाणा दारावर आपटतो. रात्री त्याला वाफ सोडणारी फ्यूम-श्रूम ही अळंबी, कारण वाफ जाळीतून आरपार जाते. बर्फाची गाडी चालवणारा झाडं खात नाही, चिरडतो, तेव्हा वॉलनट तिथे निरुपयोगी. त्याच्या चाकाखाली स्पाइकवीड हवं, १०० सन आणि गाडी जागच्या जागी बाद. स्पाइकवीड लिली पॅडवर लागत नाही, फक्त जमिनीवर. गाडीमागे राहिलेल्या बर्फावर काही लावता येत नाही, तो जॅलपीनो या आग लावणाऱ्या मिरचीने वितळतो.

लेव्हल सुरू होताना कॅमेरा रस्त्यावर जाऊन उभे असलेले झॉम्बी दाखवतो. पाकिटं त्यानंतर निवडायची असतात. त्या दोन-तीन सेकंदांत कोण कोण आहे ते मोजा. रस्त्यावर बर्फाची गाडी दिसली तर पोटॅटो माइन काढून स्पाइकवीड घ्या आणि सुरुवात नुसत्या स्क्वॉशवर निभवा.

रिचार्ज

वॉलनटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. तो काढलाय ते ३-८ पुरतं ठीक, पण पुढे लागेलच. साधं झाड झॉम्बी तीन सेकंदांत संपवतो, वॉलनट ४० सेकंद पुरतो, टॉल-नट ८०. झॉम्बी गारठलेला असेल तर चावणंही निम्म्या वेगाने होतं, म्हणजे स्नो पी आणि वॉलनट ही जोडी खरी, टॉर्चवुडबरोबरची नव्हे.

अगदी उजव्या टोकाला लावू नका. सहाव्या-सातव्या घरात लावलात तर त्याच्या उजवीकडे साचलेला घोळका चेरी बॉम्बच्या तीन बाय तीन घरांत पूर्ण बसतो. नवव्या घरात लावलात तर निम्मा घोळका अंगणाबाहेर उभा राहतो आणि बॉम्बचा निम्मा उपयोग जातो.

आणि ब्राउझरमध्ये खेळत असाल तर: पॉपकॅपची जुनी ब्राउझर आवृत्ती फ्लॅशवर होती. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरमधला मजकूरही चालेनासा केला. आता कुठलंही पान "फ्लॅश अपडेट करा" म्हणालं तर ती फाइल उतरवू नका, असा अपडेट अस्तित्वात नाही. जी पानं फ्लॅशशिवाय खेळ चालवतात तिथे प्रगती त्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते. इनकॉग्निटोमध्ये खेळलात किंवा साइटचा डेटा पुसलात की पुन्हा १-१. झूम १०० टक्के ठेवा, नाहीतर काही पानांवर सनवर केलेलं क्लिक शेजारच्या घरात पडतं. दुसऱ्या टॅबवर जाताना आधी खेळ थांबवा, कारण मागे गेलेला टॅब ब्राउझर मंद करतो आणि परत आल्यावर वेळेचा अंदाज चुकतो.

हिरवाकंच

सगळ्यांचे आभार. टॉर्चवुड आणि स्नो पीचं गणित आता कळलं. एक शंका राहिली: थ्रीपीटर पाचव्या रांगेत आधी लावू की दुसऱ्या? आणि टॉर्चवुड आधी कुठल्या रांगांत?

पाच बाय नऊ

दुसरी की पाचवी हे आधी ठरवू नका. ३२५ जमतील तेव्हा ज्या बाजूच्या तीन रांगांत जास्त झॉम्बी असतील तिथे पहिला. दुसऱ्या बाजूला तोवर माइन आणि स्क्वॉश राखून ठेवा.

टॉर्चवुड आधी जमिनीच्या चार रांगांत. पाण्यातलं टॉर्चवुड पानासकट २०० ला पडतं, आणि पाण्यात रिकामी पानं तुम्हाला थोडा वेळ काढून देतात. जमिनीवर तसं स्वस्त काही नाही. पहिल्या झेंड्याआधी दोन थ्रीपीटर आणि निदान दोन टॉर्चवुड उभे असले पाहिजेत. नसतील तर सनफ्लॉवर उशिरा लागले, लेव्हल पुन्हा सुरू करा.

तळ्याकाठी

आणि दोन्ही पाण्याच्या रांगांत आठव्या घरातलं रिकामं पान झेंडा वर जायच्या आधी टाकून ठेवा. लिली पॅडचं पाकीट साडेसात सेकंदांचं आहे, दोन डॉल्फिनवाले एकदम आले तर दुसऱ्या रांगेला वेळ मिळत नाही.